तिसरं रीडिंग

१

कुकरी घ्यायची तर अस्सल घ्यायची, भिंतीवर टांगायचं खेळणं नको, हे माझं आधीच ठरलं होतं. घरामागे काटेरी झुडपं इतकी माजली होती की मागचं दार उघडायला खांदा लावावा लागायचा. कोयता चालवून चालवून माझं मनगट धरलं. तेव्हा शेजारची शिवणवाली म्हणाली, "काकू, नेपाळी कुकरी घ्या. माझ्या मामाकडे होती. वजन पुढे असतं, तीच तोडते, आपण नुसतं धरायचं."

मुलाला फोनवर सांगितलं.

"आई, अडुसष्टाव्या वर्षी तुला कुकरी कशाला?"

"मग कधी घेऊ, अठ्ठ्याऐंशीव्या?"

"अगं, माणूस लाव ना. झुडपंच काढायचीत."

"का? मला काय धाड भरलीय?"

त्याने सुस्कारा सोडला आणि मूळ पदावर आला. "बरं, ते राहू दे. टेस्टचं काय ठरवलंस?"

टेस्टचं असं, की दोन महिन्यांपूर्वी माझ्या हातून गॅसवर दूध राहिलं. पातेलं जळलं, घरभर धूर झाला, शिवणवालीने दार बडवलं. एवढंच. दूध कुणाचं करपत नाही? पण तेवढ्यावरून मुलाने आणि सुनेने ठरवलं की आईची स्मरणशक्ती तपासायची, रक्त तपासायचं, डोक्याचे फोटो काढायचे, आणि मग ह्या घराला कुलूप लावून आईला त्यांच्या अकराव्या मजल्यावर न्यायचं. मुलगा वाईट नाही. काळजीपोटीच करतो. पण मला त्या घरात नेलं तर मी खिडकीशी बसून राहीन आणि एक दिवस तशीच संपेन, हे मला स्वच्छ दिसत होतं. ह्या घराची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे आणि मी जिवंत असेपर्यंत तिथेच राहील, असं मी त्याला सांगून टाकलं.

आणि तपासण्याचं मला कुणी शिकवू नये. एकतीस वर्षं मी ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीच्या खोलीत काढली. पोलादावर टणक गोळी दाबायची, पडलेला खळगा भिंगातून मोजायचा, तीन रीडिंग घ्यायची आणि सही करायची. दोनशे पाट्यांचा एक लॉट, त्यातला एकच पाटा सँपल म्हणून माझ्या टेबलावर यायचा. सँपल पास तर लॉट पास. माझ्या सहीचा पाटा रस्त्यात तुटल्याची एक तक्रार दाखवा, मी आजही मान खाली घालीन.

२

दुकान शेती-बागेच्या अवजारांचं होतं. भर उकाड्यात मालक स्वेटर घालून बसलेला. त्याने आधी माझ्यापुढे चार-पाच चकचकीत कुकऱ्या मांडल्या.

"ह्या कुणासाठी?" मी विचारलं.

"टांगणाऱ्यांसाठी."

"मला तोडायचंय."

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आत गेला आणि तेलकट फडक्यात गुंडाळलेली एक घेऊन आला.

हातात घेताच मला कळलं. ट्रकच्या पाट्याचं पोलाद, ठोकून घडवलेलं. जन्म गेला माझा त्या पोलादात, आंधळी झाले तरी ओळखीन. पातं पुढे पोट सुटल्यासारखं रुंद, मुठीजवळ ती ओळखीची बारीक खाच, मूठ शिंगाची आणि मागे पितळी टोपी. म्यान लाकडाचं, वर कातडं. म्यानाच्या पाठीला दोन छोटे खिसे: एकात बोटभर सुरी, दुसऱ्यात बिनधारेची पोलादी पट्टी, मोठीची धार सारखी करायला.

बायकांच्या पर्समध्ये काय काय असतं. माझ्या पर्समध्ये कानस असते. ती काढून मी पात्याच्या पाठीवर ओढली, तर चावली. धारेवर ओढली, तर सर्रकन घसरली. असंच हवं. घडवताना तापल्या पात्याच्या धारेवरच पाणी सोडतात, पाठीवर नाही. म्हणून धार कडक आणि पाठ चिवट राहते. नकली मालाला हे जमत नाही.

पहिलं रीडिंग मी धारेच्या मधोमध घेतलं. दुसरं डावीकडे, करंगळीच्या एका पेराएवढ्या अंतरावर. ही माझी खोड. सगळे डावीकडून उजवीकडे जातात, मी आधी मधोमध, मग डावीकडे, मग उजवीकडे. आमचे साहेब त्यावरून निवृत्त होईपर्यंत हसायचे.

तिसऱ्यासाठी कानस ठेवली तर दुकानदाराने पात्यावर हात आडवा धरला.

"दोन झाली, बाई. पुरे."

"पुरे कसं? दोन रीडिंगवर मी आयुष्यात सही केलेली नाही."

"वस्तू अस्सल आहे, हे तुम्हाला कळलंय."

"कळलंय. पण काम अर्धवट ठेवायची मला सवय नाही. हात काढा."

त्याने हात काढला. मी उजवीकडे कानस ओढली, सर्र आवाज झाला, माझं समाधान झालं.

"ठीक आहे," तो कागद फाडत म्हणाला. "तुम्ही तिला नीट बघून घेतलंत. आता ती तुम्हाला बघून घेईल." बिल हवं का विचारावं, तसल्याच आवाजात.

मला हसू आलं. "म्यानात घालण्याआधी रक्त पाजावं लागतं म्हणतात, त्यातलंच का हे?"

"त्या सांगायच्या गोष्टी. तेल पाजा."

त्याने कुकरी म्यानात सारली. शेवटच्या बोटभर अंतरात ती जरा अडली आणि मग खट् करून बसली. असा आवाज फक्त मापाने बनवलेल्या वस्तूचा येतो. खरं सांगते, मी त्या आवाजावरच भाळले.

३

स्वयंपाकघरात मागच्या दाराजवळ खिळा होता, तिथे ती टांगली. दोन दिवस मी झुडपं तोडली. काय सांगू तुम्हाला, हात दुखला नाही की मनगट कुरकुरलं नाही. मनगटाएवढ्या फांद्या एका घावात खाली. पुढच्या गल्लीतले लोक कुंपणापाशी थांबून बघायचे. मी मुद्दाम दोन घाव जास्तच घालायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवून आडवी झाले. दोन-अडीचचा सुमार. डोळा लागतोय न लागतोय तोच आवाज आला.

खट्.

स्वयंपाकघरातून. मी पडल्या पडल्या म्हटलं, भांडं असेल. पण भांड्याचा आवाज मला कळत नाही का? उठून गेले. कुकरी खिळ्यावर, म्यानात. मागचं दार आतून लावलेलं. फक्त म्यानाच्या पाठीची छोटी सुरी आणि ती पट्टी यांनी खिसे बदलले होते. सुरी डावीकडे असायची, ती उजवीकडे.

मीच उलटी ठेवली असेल, म्हटलं. जागच्या जागी घातली आणि हात धुवायला गेले. साबणाच्या वडीवर मधोमध एक चीर होती. सरळ, बारीक, केसभर खोल.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा खट्, आणि त्या चिरेच्या डावीकडे दुसरी चीर. तिसऱ्या दिवशी उजवीकडे तिसरी. पण ती चीर नव्हतीच. वडीचा तेवढा तुकडा कापून बाजूला पडला होता. दोन्ही कापलेली तोंडं काचेसारखी गुळगुळीत.

मी करंगळी लावून पाहिली. दोन चिरांतलं अंतर माझ्या एका पेराएवढं.

४

साबणानंतर भाजी चिरायची लाकडी फळी. मधोमध, डावीकडे, उजवीकडे. तीन दुपारी, तीन खुणा. तिसरी खोल गेली होती, पण फळी टिकली. मग मागच्या दाराचं पितळी कुलूप. तिथल्या पहिल्या दोन खुणा नखाने ओरबाडावं तशा, आणि तिसरी भिंग लावूनही जेमतेम दिसेल अशी.

म्हणजे मऊ वस्तू तिसऱ्याला जाते आणि टणक राहते. कुणीतरी माझ्या घरातल्या वस्तू एकेक करून तपासत होतं. मऊपासून टणकापर्यंत, अगदी शिस्तीत. मी नवीन मुलींना शिकवायचे तसंच.

मला भीती वाटली ती चोराची नाही. आधी मधोमध, मग डावीकडे, मग उजवीकडे जाणारा माणूस मला एकच माहीत होता. तो म्हणजे मी.

मी खुर्चीत बसून राहिले. दूध करपलं ते मला आठवत नव्हतं, हे मी मुलाला सांगितलेलं नाही. गॅस लावल्याचंच आठवत नव्हतं. मग दुपारी झोपेत उठून मीच ही सुरी घेऊन घरभर हिंडत असेन, तर? स्वतःच खट् करायचं आणि स्वतःच दचकून उठायचं? मुलाला ह्यातलं अक्षर जरी कळलं, तर तो संध्याकाळच्या आत सामान बांधेल. आणि तो चुकतोय असंही मला म्हणता येणार नाही.

मग मी स्वतःलाच दटावलं. अगं बाई, शंका आली तर आपण काय करायचो? रडत बसायचो की पुन्हा टेस्ट लावायचो?

५

सकाळी मी कुकरीला म्यानासकट सुतळी गुंडाळली, दोन्ही खिशांवरून आडवी-उभी, आणि आमच्या कारखान्यातल्या पार्सलची गाठ मारली. ती गाठ कापल्याशिवाय सुटत नाही. मग ती लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर नवा साबण, कागद काढून, मधोमध मांडला. घर बंद केलं आणि कपाटाची नि घराची, दोन्ही किल्ल्या शिवणवालीच्या हातात दिल्या.

"काकू, कपाटात काय, सोनं आहे का?"

"माझी अक्कल आहे. सांभाळ. आणि मला दुपारभर तुझ्याकडे बसू दे."

"बसा की. काजं-बटणं करा, पुण्य लागेल."

बारापासून तीनपर्यंत मी तिच्यासमोर बसून बटणं लावली. तिचं मशीन खडखडत होतं. अडीचच्या सुमारास ती दोरा ओवायला थांबली आणि भिंतीपलीकडून, माझ्या बंद घरातून, आवाज आला.

खट्.

"काय पडलं हो तुमच्याकडे?" ती म्हणाली.

"तुला ऐकू आलं?"

"न यायला मी काय बहिरी आहे?"

तीन वाजता तिला सोबत घेऊनच घर उघडलं. टेबलावरच्या साबणावर मधोमध एक चीर. कपाट बंद. आत सुतळीची गाठ जशीच्या तशी. फक्त सुतळीखाली सुरी उजवीकडच्या खिशात आणि पट्टी डावीकडच्या.

शिवणवाली माझ्याकडे बघत राहिली, कारण मी हसत होते. खुळ्यासारखं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ज्या क्षणाला माझी बोबडी वळायला हवी होती, त्या क्षणाला मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! मी नव्हते. माझं डोकं ठिकाणावर होतं. घरात जे काही होतं ते दुसरं होतं, आणि त्याला माझ्या घरातून मला हाकलता येणार नव्हतं.

मी सुतळी कापली आणि कुकरी पुन्हा खिळ्याला टांगली. "तपास," मी मोठ्याने म्हणाले. "हौस फिटेपर्यंत तपास. घर माझं आहे."

शिवणवालीने दोन्ही किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि त्यानंतर ती माझ्या दारात आली नाही.

६

पुढच्या आठवड्यात मुलगा आला. बॅग घेऊन, रजा टाकून. शिवणवालीने फोन केला असणार. मी तिला दोष देत नाही.

"मी तुला घेतल्याशिवाय जाणार नाही," तो दारातच म्हणाला. "रक्ताचं गुरुवारी सकाळी ठरवलंय. त्यानंतर डॉक्टर."

"हात-पाय तरी धू. आल्या आल्या वॉरंट कसलं काढतोस?"

तो हसला. हसला की अजून सहावीतला दिसतो. मला त्याचा राग धरता येत नाही, तीच तर पंचाईत आहे.

जेवून तो बाहेरच्या खोलीत लवंडला. मी भांडी आवरत होते. घड्याळाकडे माझं लक्ष नव्हतं, तेवढी चूक माझी. आवाज माझ्या पाठीमागे, हाताच्या अंतरावर झाला. खट्. मी वळले तर कुकरी खिळ्यावर संथ हलत होती.

चार वाजता तो चहाला उठला. कप घेतला तेव्हा त्याच्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या वर, मला ती दिसली. मधोमध एक पांढरी रेघ.

"हे काय?"

"कुठे? हां, घड्याळाचा पट्टा घासला असेल."

माझ्या हातातून बशी सुटली. तो फुटलेल्या बशीकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिला, आणि त्या बघण्यात मला अकरावा मजला दिसला.

"तू आजच जा," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता."

"आई, बस. शांत हो. मी कुठेही जात नाही."

रात्रभर मला साबणाचा तो कापलेला तुकडा दिसत होता. आणि दुसऱ्या दिवशी मी त्याला दुपारी झोपूच दिलं नाही. समोर बसवून पत्ते खेळले. अडीचला खट् झालं. त्याने "आई गं" म्हणून हात झटकला. पहिलीच्या डावीकडे दुसरी रेघ, आणि ह्या वेळी तिच्यात रक्ताचे तीन-चार मणी.

"पत्त्याची कड लागली," तो म्हणाला.

पत्त्याची कड! घरात पोरगा कापला जात होता आणि मी हुकुमाची राणी धरून बसले होते.

७

गुरुवारच्या आदल्या दिवशी, दुकान उघडायच्या वेळेला मी कुकरी घेऊन स्वेटरवाल्याच्या दारात उभी.

"परत घ्या. पैसे नकोत."

त्याने म्यान उलटं केलं. "मोठी घेतो, बाई. पण छोटी कुठाय?"

डावीकडचा खिसा रिकामा. घरातून निघताना मी दोनदा पाहिली होती.

"तपासणी अर्धवट आहे ना अजून," तो म्हणाला. "ती कशी येईल?"

"मी दोन रीडिंगवर थांबले असते तर?"

त्याने म्यान सुलटं केलं. कुकरी माझ्याकडे सरकवली आणि गिऱ्हाईक नसतानाही गिऱ्हाइकाकडे वळल्यासारखा वळला.

मी घरी पळत आले. अडुसष्टाव्या वर्षी, हातात कुकरी घेऊन, भर रस्त्यातून. लोक बाजूला होत होते. मुलगा बाहेरच्या खोलीत कॉटवर गाढ झोपला होता. रात्री मी त्याला नीट झोपू दिलं नव्हतं, त्याची भरपाई. बारा वाजले होते. कुकरी खिळ्याला अडकवून मी त्याच्या शेजारी खुर्ची टाकली. त्याचा डावा हात पांघरुणाबाहेर, तळवा वर. मी हलवला तरी तो जागा होईना. एक वाजला, दोन वाजले. त्याचा श्वास चालू होता, तेवढंच मी मोजत बसले.

अडीचला मी आवाजाची वाट पाहिली नाही. उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले.

मागचं दार बंद, खिडकीतून लख्ख ऊन. भांड्यांच्या कपाटाचं एक दार उघडं होतं आणि त्या दाराच्या कडेपलीकडे एक हात होता. कोपरापासून खाली तेवढाच. त्यात ती बोटभर सुरी. अंगठा धारेवरून आडवा फिरत होता, हळूच, धार बघतात तसा. त्या हातामागे कुणीतरी वाकलेलं होतं, भिंगातून खळगा बघताना आम्ही वाकायचो तसं. मानेचा बाक दिसला. मानेच्या वर काय होतं ते मी सांगणार नाही. मी ते नीट बघितलं नाही, आणि न बघितलेल्याची नोंद मी कधी केलेली नाही.

मी दाराची चौकट धरली. धरली तर धरली. जिभेला काही झालं नव्हतं.

"ए," मी म्हणाले. "इकडे. त्याच्याकडे जायचं नाही."

अंगठा थांबला.

"तो माझ्या पोटचा आहे. माझाच लॉट. एका लॉटला एकच सँपल, सँपल पास तर लॉट पास, हा नियम आहे, आणि तुला नियम माहीत आहेत, माझ्याकडूनच उचललेस." मी डावी बाही कोपराच्या वर सरकवली आणि हात टेबलावर ठेवला, तळवा वर करून. "सँपल हे. मधोमध, डावीकडे, उजवीकडे. आणि एका बैठकीत. मला उद्या काम आहे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हेच. पण मी डोळे मिटले नाहीत. मी माझ्या हाताकडेच बघत होते, म्हणून जे जवळ आलं ते मला दिसलं नाही. फक्त टेबलावरचं ऊन गेलं आणि माझ्या केसांपाशी तेलाचा वास आला.

पहिलं मधोमध. झणकन कळ डोक्यात गेली आणि रक्त टेबलावर सांडलं. दुसरं डावीकडे. त्याला मी ओरडले, खोटं कशाला बोलू? ओरडले आणि वर म्हटलं, "तिसरं बाकी आहे. थांबलास का? दोनवर सही करणाऱ्यातला आहेस का?"

तिसरं उजवीकडे आलं. मला दुखलं नाही. नुसता आवाज झाला. सर्र. कानस कडक धारेवरून घसरते, तो आवाज, आणि तो माझ्या हातातून आला.

मग खट्.

ऊन टेबलावर परत आलं. दारात मुलगा उभा होता, केस विस्कटलेले. त्याने माझा हात पाहिला, टेबलावरचं रक्त पाहिलं, खिळ्यावरची कुकरी पाहिली.

"आई," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. "आई, काय करून घेतलंस हे?"

मी त्याचा डावा हात ओढून उजेडात धरला. दोनच रेघा होत्या. तिसरी नव्हती. मी त्या दोन रेघांवरून अंगठा फिरवला आणि तिथेच रडले. तो मला जवळ घेऊन "शांत हो, शांत हो" म्हणत राहिला. त्याच्या दृष्टीने आता काही विचारायचं उरलं नव्हतं.

८

गुरुवारी सकाळी मी न भांडता गेले. त्यामुळे तो जास्तच घाबरला. रात्री त्याने सुनेला फोन करून माझी खोली तयार ठेवायला सांगितलं होतं. भिंती पातळ आहेत, ऐकू येतं.

रक्त घ्यायच्या खोलीत पांढऱ्या टाइल्स, एक खुर्ची आणि बारीक चणीची एक मुलगी. डाव्या हाताला पट्टी होती, म्हणून मी उजवा पुढे केला. मुलगा माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा.

"आजी, हात सैल सोडा हं. मुंगी चावल्यासारखं होईल."

तिने मधोमध सुई टेकवली आणि दाबली. सुई आत गेली नाही. "सैल सोडा ना, आजी."

"सैलच आहे, बाळ."

तिने सुई बदलली. डावीकडे, पेरभर अंतरावर, पुन्हा दाबलं. तिच्या कपाळावर घाम आला. मला साधी कळसुद्धा आली नाही. तिसरी सुई तिने उजवीकडे लावली, ओठ चावून जोर दिला, आणि ती सर्रकन घसरून वाकली आणि तिच्या हातून उडून खाली पडली.

 मुलगी माझ्या हाताला बोट लावून बघत होती. हात मऊच होता, म्हाताऱ्या बाईचा हात असतो तसा, सुरकुतलेला आणि गरम.

मुलगा सवयीने खाली वाकला.

"अहो, उचलू नका, टोचेल!" ती ओरडली.

तोवर त्याने चिमटीत धरलीच होती. सुईचं टोक त्याच्या बोटाच्या पेरावर दाबलेलं मला स्पष्ट दिसलं. त्याने बोट काढून पाहिलं. पुन्हा टोक लावलं, ह्या वेळी मुद्दाम, आणि दाबलं. मग अंगठ्याला. मग तळव्याला. सुई दरवेळी घसरत होती.

तो सावकाश उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. त्याने माझ्या पट्टीकडे पाहिलं, स्वतःच्या मनगटावरच्या दोन रेघांकडे पाहिलं, आणि सहावीतल्या मुलासारखा माझ्याजवळ सरकला.

"तीन झाली ना?" मी त्या मुलीला म्हटलं. "लिहा मग."

"क... काय लिहू?"

"जे बघितलंत ते."

मी बाही खाली केली आणि उठले. मुलाने माझी पर्स उचलली, दार उघडून धरलं, आणि बाहेर रस्त्यावर येऊन रिक्षा थांबवली. रिक्षावाल्याने कुठे जायचं विचारलं, तेव्हा त्याने आधी माझ्याकडे पाहिलं.

"घरी," तो शेवटी म्हणाला. "आई, तुझ्या घरी."

किल्ली पर्समध्येच होती, कानशीच्या शेजारी.